हातांसाठी फिलर: हायल्युरॉनिक की कॅल्शियमचं?

निपाणी-खानापूरकडं शेतात राबणाऱ्या बायकांचे हात चेहऱ्याआधी थकलेले दिसतात. कातडी पातळ, शिरा टरारून वर. ऑपरेशनशिवाय भर घालायची तर फिलरचे, म्हणजे कातडीखाली इंजेक्शननं भरायच्या जेलचे, दोन पर्याय: हायल्युरॉनिक ॲसिड आणि कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइटला अमेरिकेच्या एफडीएनं (औषध नियंत्रण संस्थेनं) हातांसाठी २०१५ मध्ये मान्यता दिली. ते पांढरं असल्यानं शिरा छान झाकतं, वर्षभराच्या आसपास टिकतं. हायल्युरॉनिक ॲसिड त्यामानानं लवकर विरतं, पण काही बिघडलंच तर हायल्युरॉनिडेजचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. कॅल्शियमवाल्याला असा उतारा नाही! म्हणून पहिल्यांदाच करून घेणाऱ्या मावशींना मी हायल्युरॉनिकच सांगेन, तेही बेळगावात त्वचारोगतज्ज्ञांकडं; पार्लरमध्ये अजिबात नको. उन्हाचे डाग मात्र दोन्हींनी जात नाहीत, त्यासाठी लेसर आणि रोजचं सनस्क्रीन.