अडलेली मेल सापडते कुठे? सांगलीच्या पेढीसाठी स्पॅम गाळण्याचे पर्याय

बेदाण्याच्या हंगामात तासगावच्या एका पेढीवरून फोन आला. "बाहेरगावची पार्टी म्हणतीय, सॅम्पलसाठी तीन मेल टाकल्यात. आमच्याकडं एक पण नाही." जाऊन बघितलं, तर होस्टिंगच्या (वेबसाइट आणि मेल ठेवायला भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरच्या) पॅनेलमध्ये स्पॅम फिल्टर चालू होता आणि त्याखालचं ऑटो-डिलीटही चालू होतं. तिन्ही मेल सर्व्हरनं घेतल्या, स्पॅम ठरवल्या आणि पुसल्या. पार्टीला वाटलं मेल पोचल्या, पेढीला वाटलं गिऱ्हाईक गप्प आहे. सौदा दुसरीकडं झाला.

तेव्हापासून कुणी पर्याय विचारला की "कचरा किती अडतो" हे मी दुसऱ्या नंबरवर घेतो. आधी बघायचं ते हे, की चुकून अडलेली खरी मेल सापडते कुठे आणि पाठवणाऱ्याला ते कळतं का.

एखादी मेल नको असेल तर सर्व्हरपुढं चार वाटा असतात. दारातच नकार देणं ही पहिली. त्यात ५५० सारखा कोड परत जातो आणि पाठवणाऱ्याच्या हातात "मेल पोचली नाही" अशी नोंद पडते. खरा माणूस असेल तर तो फोन करतो. दुसरी वाट म्हणजे "थोड्या वेळानं या" असं सांगणं. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. नीट चालणारा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, घाऊक स्पॅम पाठवणारे बरेच प्रोग्राम येत नाहीत. तिसरी वाट, मेल घेऊन स्पॅम फोल्डरमध्ये टाकायची. चौथी, घेऊन गुपचूप पुसायची. ही चौथी व्यापाऱ्यानं कधीच निवडू नये, कारण झालेलं नुकसान दोन्ही बाजूंना दिसत नाही.

फुकटचं जीमेल

मार्केट यार्डातल्या निम्म्याहून जास्त आडत दुकानांचं काम यावरच चालतं, असा माझा अनुभव आहे. एकट्या माणसाला ते पुरतंही. गाळणी चांगली आहे आणि अडलेली मेल स्पॅममध्ये ३० दिवस राहते. एखादी पार्टी नेहमी स्पॅममध्ये जात असेल तर तिच्या पत्त्यासाठी फिल्टर करून "स्पॅममध्ये पाठवू नका" हा पर्याय निवडता येतो.

खोच वेगळीच आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक पीओपी पद्धतीनं (म्हणजे फक्त मेल उतरवून घेणाऱ्या जोडणीनं) जोडलेलं असेल, तर स्पॅम फोल्डर तिथं उतरतच नाही. मुनीम दिवसभर आउटलुकसमोर असतो आणि त्याच्या दृष्टीनं ती मेल आलेलीच नसते. जोडणी आयमॅपवर (सर्व्हरवरचे फोल्डर जसेच्या तसे दाखवणाऱ्या पद्धतीवर) घ्या, म्हणजे स्पॅम फोल्डरही समोर दिसतो. हे न करता नवी सेवा विकत घेतली तरी फरक पडणार नाही.

डोमेनसोबत मिळालेलं होस्टिंग

वेबसाइट करून देणारा डोमेनसोबत (म्हणजे वेबसाइटच्या नावासोबत) दुकानाच्या नावाचे ईमेल पत्तेही "त्यातच" देतो. या होस्टिंगवर बहुतेक वेळा स्पॅमअसॅसिन असतं. हा फुकटचा, २००१ पासून चालत आलेला आणि आता अपाचे फाउंडेशनकडं असलेला प्रोग्राम. तो प्रत्येक मेलला गुण देतो. पाठवणारा पत्ता काळ्या यादीत आहे, मजकुरात ठरावीक शब्द आहेत, मेलवरची डिजिटल सही जुळत नाही, असे गुण साठत जातात आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरते.

कचरा फार येतो म्हणून हा आकडा ५ वरून २ वर आणलेला मी अनेक ठिकाणी बघितला. तसं केलं की इनव्हॉइस जोडलेल्या साध्या मेलही अडकायला लागतात. आकडा ५ वरच ठेवा आणि गाळणीला शिकवा. तिचा शिकणारा भाग मुळात २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल दाखवल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि स्वस्त होस्टिंगवर ती शिकवण्याची सोय असेलच असं नाही. मजकूर तपासणारे तिचे बहुतेक नियम इंग्रजीवर बेतलेले आहेत, त्यामुळं मराठीतल्या मेलबद्दल तिला फारसं काही कळत नाही.

यातच एक जोडकाम चालतं: डोमेनवर आलेली मेल आपोआप जीमेलला फॉरवर्ड करणं. सोयीचं वाटतं, पण फॉरवर्ड झालेली मेल जीमेलला होस्टिंगच्या सर्व्हरवरून आलेली दिसते. मूळ पाठवणाऱ्यानं आपल्या डोमेनसाठी कोणते सर्व्हर चालतील याची यादी लावलेली असते (तिला एसपीएफ म्हणतात). त्या यादीत आपलं होस्टिंग नसतं, म्हणून खऱ्या पार्टीची मेलही संशयित ठरू शकते. शिवाय आपल्याकडं आलेला सगळा कचरा आपणच जीमेलकडं ढकलत असतो, आणि त्याची बदनामी आपल्या सर्व्हरच्या नावावर चढते.

पैसे भरून घेतलेली मेल सेवा

गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल. माणशी दर महिन्याला पैसे जातात आणि इथंच बरेच जण मागं सरतात. "अहो अण्णा, फुकट असताना पैसे कशाला घालायचे?" हे मी शेजारच्या दुकानदाराकडून ऐकलंय. माझं उत्तर एकच असतं: शोधायची सोय. वर्कस्पेसमध्ये ईमेल लॉग सर्च आहे, मायक्रोसॉफ्टकडं मेसेज ट्रेस आहे. पार्टी म्हणाली "मंगळवारी मेल टाकली", तर ती आपल्यापर्यंत आली का, इनबॉक्समध्ये गेली, स्पॅममध्ये गेली की दारातून परत गेली, हे पाच मिनिटांत निघतं. तासगावच्या त्या पेढीला नेमकं हेच हवं होतं. चार-पाच पत्ते असलेल्या हळद किंवा बेदाण्याच्या पेढीला मी हाच पर्याय सांगतो, आणि तो सांगताना मला शंका वाटत नाही.

सुरुवातीलाच एक चूक टाळा. "आपलीच मेल अडू नये" म्हणून बरेच जण स्वतःचं डोमेन विश्वासू यादीत घालतात. पाठवणाऱ्याचं नाव खोटं लिहिणं ईमेलमध्ये सोपं असतं. मग मालकाच्या नावानं आलेली "तातडीनं पैसे पाठव" अशी बनावट मेल गाळणीला वळसा घालून थेट अकाउंटंटसमोर येते.

पुढं बसवलेली गाळणी आणि स्वतःचा सर्व्हर

कुपवाड एमआयडीसीतले काही कारखाने आणि मिरजेतली मोठी हॉस्पिटलं यांच्याकडं स्वतःचा मेल सर्व्हर असू शकतो. त्यांच्यासाठी गेटवे हा मार्ग आहे. डोमेनची एमएक्स नोंद (मेल कोणत्या सर्व्हरकडं जायची हे सांगणारी नोंद) बदलायची, म्हणजे मेल आधी गाळणी करणाऱ्या सेवेकडं जाते आणि स्वच्छ तेवढी पुढं आपल्याकडं येते. अडलेल्या मेलची यादी रोज मिळण्याची सोय बहुतेक सेवा देतात. यादीवर नजर टाकायची आणि हवी ती सोडवून घ्यायची. मात्र आपला सर्व्हर फक्त गेटवेकडूनच मेल घेईल असा बंदोबस्त करा, नाहीतर स्पॅम पाठवणारे जुन्या दारानं आत येतात.

गेटवेच्या बाजूनं इथं आणखी एक कारण आहे: पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे कॉम्प्युटर वाचवायलाही वेळ मिळाला नाही. आपला सर्व्हर बंद असेल तर समोरचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग मेल परत करतो. गेटवे मधे असला तर तेवढ्या काळात मेल तिथं साठून राहते. किती दिवस साठवणार, हे करार करताना विचारून घ्या.

स्वतःच्या सर्व्हरवर आरस्पॅमडी हा गुण देऊन स्पॅम गाळणारा प्रोग्राम बसवणं हाही पर्याय आहे आणि तो ताकदीचा आहे. मुळात ४ गुणांना तो "नंतर या" म्हणतो, ६ ला स्पॅमचा शिक्का मारतो आणि १५ ला दारातूनच परत पाठवतो. असं टप्प्याटप्प्यानं अडवणं मला मनापासून पटतं. पण त्याकडं रोज लक्ष देणारा माणूस पगारावर नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

थंडरबर्डसारख्या मेल वाचायच्या प्रोग्राममधला जंक फिल्टर इथं मोजला नाही, कारण तो मेल कॉम्प्युटरवर आल्यानंतर काम करतो. जोडीला चालेल.

एका गोष्टीपुढं यातली कुठलीही गाळणी कमी पडू शकते. पार्टीचं खरं खातंच कुणी ताब्यात घेतलं आणि त्यावरून "आमचा बँक अकाउंट बदललाय" अशी मेल आली, तर ती सगळ्या तपासण्या पार करून येते, कारण ती खऱ्या पत्त्यावरूनच आलेली असते. अकाउंट नंबर बदलला की आधीपासून आपल्याकडं असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन लावा.

बदल करायचं ठरलं तर हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे जोरात असताना करू नका. एमएक्स बदलल्यावर काही मेल थोडा वेळ जुन्याच जागी जातात, म्हणून जुनं खातं निदान पंधरा दिवस चालू ठेवून रोज बघायचं. आणि सध्या होस्टिंगवरच राहणार असाल, तर आजच पॅनेल उघडून ऑटो-डिलीट बंद आहे ना, ते बघून घ्या.