टीडीएसच्या केसमध्ये कंपाउंडिंग घ्यावं का? माझ्याकडून ५ पैकी साडेतीन

शिरोली एमआयडीसीत आमची लहान फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोघं, मी आणि बायको. ती शाळेत शिकवते, फाउंड्रीत येते ती खंडेनवमीच्या पूजेपुरती. २०२२-२३ मध्ये एका गिऱ्हाइकाकडं कास्टिंगचं पेमेंट अडकलं आणि ठेकेदारांचा, पगारातला कापलेला ४ लाख ६० हजारांचा टीडीएस, म्हणजे सरकारकडं भरायचा कर, मी फर्नेसच्या वीजबिलात घातला. चूक माझीच. मोल्डिंगच्या ठेकेदाराचा "मालक, माझा टीडीएस २६ एएसमध्ये दिसंना" असा फोन आला (२६ एएस म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा) तेव्हा जाग आली. नऊ महिन्यांचं, दरमहा दीड टक्क्यानं ६२,१०० रुपये व्याज लावून सगळं भरून टाकलं. "आता काही होत नाही," असं तेव्हाचे सल्लागार म्हणाले.

झालं. आयकर कायद्याच्या कलम २७६बी ची, म्हणजे कापलेला टीडीएस वेळेत न भरल्याच्या गुन्ह्याची, कारणे दाखवा नोटीस आली. त्याला तेव्हा शिक्षा होती ३ महिने ते ७ वर्षं सक्तमजुरी. कंपनीचा गुन्हा म्हणून २७८बी लावून बायकोच्या नावाची वेगळी नोटीस. तिनं ती दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "हे शाळेत पण कळवतात का?"

सल्लागार बदलला. नव्या सीएंनी सरळ सांगितलं, कोर्टात लढायचं तर २७८एए खाली वाजवी कारण तुम्ही सिद्ध करायचं, आणि वीजबिल हे कारण मॅजिस्ट्रेटला पटेलच असं नाही. नाहीतर कंपाउंडिंग, म्हणजे खात्याला ठरलेली रक्कम भरून केस मिटवायची. कायद्याच्या मराठीत आपसमेळ. माझ्या वडिलांना वाटलं कारखान्याला भिंत घालतोय.

आमचं नशीब एवढंच की १७ ऑक्टोबर २०२४ ला कंपाउंडिंगचे नवे नियम आले होते. टीडीएसच्या केसला आधी २, ३, ५ टक्के असे दर होते, ते दरमहा सरसकट दीड टक्क्यावर आले. म्हणजे व्याजाएवढेच ६२,१०० पुन्हा. अर्जाचे २५,००० त्यातनं वळते झाले, वर ३७,१०० भरले. सीएंची फी वेगळी. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की, कंपनीनं एकदा पैसे भरले की सहआरोपीही सुटतो. बायकोसाठी वेगळा दमडा लागला नाही.

दीड गुण का कापला? एक तर हा हक्क नाही, अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो. आदेश हातात येईपर्यंत झोप नाही. दुसरं, व्याज भरलेल्यानं तेवढीच रक्कम परत मोजायची, हे मला आजही पटत नाही. पण तारखांना चकरा मारण्यापेक्षा परवडलं.

नव्यानं अडकलेल्यांनी एवढं बघा: १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे भरले तर ही फौजदारी केस होत नाही. व्याज मात्र चुकत नाही.

आदेश आला त्या संध्याकाळी बायकोनं डायरेक्टरपदाचा राजीनामा टाइप करून हातात दिला. प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन डायरेक्टर लागतात, त्यामुळं तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. भावाला विचारलं, तो विषय बदलतो.