श्रद्धा राखून दत्तक संस्था चालवणे: समानता कायद्यापुढच्या वाटांची तुलना

ब्रिटनमध्ये ३० एप्रिल २००७ रोजी लैंगिक कल या विषयावरचे समानता नियम लागू झाले आणि सेवा देताना समलिंगी व्यक्तींना डावलणे बेकायदा ठरले. मुले दत्तक देण्याचे काम करणाऱ्या सुमारे डझनभर कॅथलिक संस्थांपुढे त्यामुळे मोठा पेच उभा राहिला. अशा संस्थेच्या विश्वस्त मंडळावर बसून ज्यांना निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी या संस्थांनी धरलेल्या वाटा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, कारण एकाच कायद्याखाली त्यांचे शेवट फार वेगवेगळे झाले.

आधी दोन्ही बाजूंचे म्हणणे त्यांच्याच भूमिकेतून समजून घेतले पाहिजे. आई आणि वडील या दोघांच्या विवाहित घरात वाढणे हा मुलाचा हक्क आहे, अशी कॅथलिक शिकवण आहे, आणि समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक देणे म्हणजे त्या मुलावर हिंसा करणे होय, असे व्हॅटिकनने २००३ च्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक चर्चचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल कॉर्मक मर्फी-ओ'कॉनर यांनी जानेवारी २००७ मध्ये सरकारला पत्र लिहून सूट मागितली. समलिंगी जोडपी आल्यास त्यांना दुसऱ्या संस्थेकडे पाठवण्याची तयारीही त्यांनी दाखवली. उलट, समानतेच्या बाजूचे म्हणणे असे, की दत्तक ही सार्वजनिक सेवा आहे, तिचा बराच खर्च स्थानिक प्रशासन देते, आणि दारात आलेल्या जोडप्याला ‘तुम्ही दुसरीकडे जा’ असे नम्रपणे सांगितले तरी त्या सांगण्यातच अपमान असतो. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने कायमची सूट नाकारली आणि बदल करून घेण्यासाठी २००८ च्या अखेरपर्यंत मुदत दिली.

पहिली वाट धर्मप्रांतापासून, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील चर्चच्या विभागापासून, फारकत घेण्याची. बर्मिंगहॅममध्ये फादर हडसन संस्थेचे दत्तक विभागाचे काम ‘अ‍ॅडॉप्शन फोकस’ या स्वतंत्र संस्थेकडे गेले. लँकेस्टर धर्मप्रांतातील संस्था चर्चपासून वेगळी होऊन ‘केरिटास केअर’ या नावाने काम करू लागली. या वाटेत अनुभवी समाजसेविका, त्यांचे जुने परिचय आणि मुलांची सुरू असलेली प्रकरणे शाबूत राहतात. बिशपला शिकवणीशी तडजोड करावी लागत नाही, संस्थेला कायदा मोडावा लागत नाही. मात्र किंमत खरी आहे: चर्चच्या दृष्टीने पिढ्यान् पिढ्या उभे केलेले एक सेवाकार्य हातातून जाते, आणि देणगीदारांना आपला पैसा कुठे जातो हे नव्याने ठरवावे लागते.

दुसरी वाट काम थांबवण्याची; सॅलफर्ड धर्मप्रांतातील संस्थेने दत्तक देण्याच्या कामातून माघार घेतली. तत्त्वाच्या दृष्टीने ही सर्वांत स्वच्छ वाट दिसते. मला ती सर्वांत जड वाटते. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्याची पाहणी करणारी समाजसेविका महिनोन् महिने त्यांच्या घरी जात राहते, त्यांचे बालपण, भांडणे, आजारपणे, पैशांचे व्यवहार विचारते, घर आणि नातेवाईक पाहते, आणि मग अहवाल लिहिते. वय वाढलेली, भावंडांसह एकत्रच राहू इच्छिणारी किंवा अपंगत्व असलेली मुले ज्यांच्याकडे सोपवता येतील अशी घरे ओळखण्याचे कसब अशा कामातूनच येते आणि संस्था बंद झाली की ते विखुरते. शिवाय ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो, त्या मुलांना या वादात मतच नसते.

तिसरी वाट न्यायालयाची, आणि येथे थोडे थांबायला हवे, कारण लीड्स आणि ग्लासगो यांच्यातील फरक शिकण्यासारखा आहे. लीड्स धर्मप्रांताच्या ‘कॅथलिक केअर’ने धर्मादाय आयोगाकडे अर्ज केला, की संस्थेच्या उद्देशपत्रात बदल करून केवळ विरुद्धलिंगी जोडप्यांनाच सेवा देण्याची मुभा मिळावी. मार्च २०१० मध्ये उच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा विचारासाठी आयोगाकडे पाठवले, पण आयोगाने पुन्हा नकार दिला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणानेही संस्थेचे अपील फेटाळले. संस्थेचा मुख्य युक्तिवाद पैशाचा होता: स्थानिक प्रशासनाच्या मोबदल्यातून खर्च पूर्ण भागत नाही, उरलेली तूट कॅथलिक देणगीदार भरून काढतात, आणि त्यांची देणगी आटली तर कमी मुलांना घर मिळेल. देणगीदारांना समलिंगी जोडपी नको आहेत, एवढ्यावरून भेदभावाचे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायाधिकरणाचे म्हणणे पडले. युक्तिवाद श्रद्धेवरून हिशोबावर सरकला आणि त्यातच कमकुवत झाला, असे मला वाटते. विश्वस्तांनी हे नीट लक्षात ठेवावे: न्यायालयापुढे जे कारण सांगाल, तेच तपासले जाते.

ग्लासगोच्या ‘सेंट मार्गारेट्स’ संस्थेने मात्र ‘फक्त’ असा नियम केला नव्हता. किमान दोन वर्षे विवाहित असलेल्या कॅथलिक जोडप्यांना प्राधान्य, असे तिचे निकष होते. स्कॉटलंडच्या धर्मादाय नियामकाने २०१३ च्या सुरुवातीला ते बदलण्याचा आदेश दिला. ३१ जानेवारी २०१४ रोजी अपील मंडळाने तो रद्द केला. या निकषांमधून होणारा भेदभाव अप्रत्यक्ष आहे आणि धार्मिक धर्मादाय संस्थेला कायद्याने दिलेल्या मोकळिकीत तो बसतो, असे मंडळाने मानले. लीड्सचे दार एका गटासाठी पूर्ण बंद होते, ग्लासगोचे दार रांगेच्या क्रमाने उघडत होते. बाहेर उभ्या असलेल्या समलिंगी जोडप्याला हा फरक किती सुखावेल, याची मला शंका आहे. पण कायद्याच्या भाषेत तो निर्णायक ठरला.

अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा निकाल अनेकदा उदाहरण म्हणून पुढे केला जातो, म्हणून त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. तेथील कॅथलिक सेवासंस्था समलिंगी जोडप्यांना मुले तात्पुरती सांभाळणारे पालक म्हणून प्रमाणित करण्यास तयार नव्हती, म्हणून शहराने २०१८ मध्ये तिच्याकडे मुले पाठवणे थांबवले. १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा मोठा आधार करारातील एक कलम होता: भेदभावबंदीतून सूट देण्याचा अधिकार शहराच्या आयुक्तांच्या मर्जीवर सोपवला होता. एकदा सूट शक्य आहे म्हटल्यावर ती श्रद्धेलाच का नाकारता, एवढे ठोस कारण शहराला देता आले नाही. कलम तसे नसते, तर निकाल काय लागला असता, हे या निकालावरून ठरत नाही. त्यामुळे त्याच्या भरवशावर धोरण आखण्याआधी आपल्या करारातील शब्द स्वतः वाचावेत.

सेवा कोणाला द्यायची याच्याइतकाच नोकरीवर कोणाला ठेवायचे हा प्रश्नही धार्मिक संस्थांपुढे येतो, आणि त्या बाबतीत जर्मनीचा अनुभव वेगळा आहे. ड्युसेलडोर्फच्या एका कॅथलिक रुग्णालयातील प्रमुख डॉक्टरांना घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केल्याबद्दल २००९ मध्ये काढले गेले. तशाच पदांवरील बिगर-कॅथलिक डॉक्टरांना मात्र हा नियम लागू नव्हता. सप्टेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने विचारले, की रुग्णांवर उपचार करण्यासाठी ही अट खरोखर आवश्यक असेल, तर ती सर्वांना का नाही? पुढे २०१९ मध्ये जर्मनीच्या श्रम न्यायालयाने ती बडतर्फी अवैध ठरवली, आणि २०२२ मध्ये जर्मन बिशपांनी आपले नियम बदलून खासगी नातेसंबंधांवरून नोकरी जाण्याची तरतूद काढली. पाद्री कोणाला नेमायचे, वेदीजवळ कोणी उभे राहायचे, यात मात्र समानता कायदे साधारणतः हात घालत नाहीत, आणि घालूही नयेत.

माझे मत असे, की दार पूर्णपणे बंद करणारा नियम ठेवून लढण्यापेक्षा फारकत घ्यावी. ग्लासगोसारखे प्राधान्याचे निकष खरोखर श्रद्धेतून आले असतील आणि संस्था आपल्या पैशावर तगू शकत असेल तरच तिसरी वाट निवडावी. काम थांबवण्याचा ठराव अखेरीस मांडावा लागला, तर त्याआधी एक व्यवहारी गोष्ट ठरवून ठेवावी. इंग्लंडमध्ये २००५ च्या अखेरीपासूनच्या नियमांनुसार दत्तक प्रकरणाची कागदपत्रे दत्तक आदेशापासून किमान १०० वर्षे जपून ठेवावी लागतात, कारण मोठे झालेले मूल कधीतरी आपल्या जन्मदात्या आईचे नाव शोधत त्या दाराशी येते. ते आले तेव्हा ती फाइल कोणाच्या कपाटात असेल, हे ठरावात लिहिलेले असावे.