भिलारमधला एक मुक्काम

साताऱ्यात राहून मी भिलारला आजवर तीनदा गेलो, पण पुस्तकांचे गाव म्हणून ते कळले यंदाच्या मार्चमध्ये, तिथे रात्री राहिल्यावर. आधीच्या दोन्ही खेपा महाबळेश्वरच्या सहलीतल्या होत्या. त्यातल्या एका खेपेस भाड्याच्या गाडीच्या चालकाने सगळे पॉइंट उरकण्याच्या घाईत भिलारसाठी वीस मिनिटे दिली आणि "नुसती पुस्तकंच आहेत, लवकर या," असे वर बजावले. मुलांनी रंगवलेल्या भिंतींपुढे फोटो काढले आणि एकही पान न उलटता आम्ही परत गाडीत बसलो.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना थोडी वाट वाकडी केली की हे स्ट्रॉबेरीचे गाव लागते. राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी राज्य मराठी विकास संस्थेमार्फत येथे पुस्तकांच्या गावाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाचा आदर्श समोर होता. मात्र तिथली ओळख पुस्तकांच्या दुकानांची आहे, तर भिलारमध्ये पुस्तके लोकांच्या राहत्या घरांत आहेत आणि ती तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. सुरुवात २५ ठिकाणांपासून झाली. कोणाकडे कविता, कोणाकडे चरित्रे, कोणाकडे बालसाहित्य, कोणाकडे दिवाळी अंक.

आम्ही सकाळी ज्या घरी गेलो तिथे ओसरीवर काकी स्ट्रॉबेरी निवडत बसल्या होत्या. मोठी फळे एका डबीत, लहान दुसरीत, आणि डाग पडलेली बाजूच्या पातेल्यात, घरच्या जॅमसाठी. "आत बसा निवांत, कपाट उघडंच आहे," एवढे बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. कपाटातून मी एक जुना दिवाळी अंक काढला. आतल्या पानांना शिवणीशी पिवळेपणा आला होता, पण वरून प्लास्टिकचे वेष्टन नीट घातलेले होते. दुपारचे जेवण सोडले तर उन्हे उतरेपर्यंत मी त्या खिडकीतून उठलो नाही, आणि कोणी उठवलेही नाही. पैसे मोजून मिळणाऱ्या कुठल्याही विश्रांतिगृहात मला असे स्वस्थ बसता आलेले नाही.

पर्यटनवाढीच्या शासकीय प्रयत्नांत मला हा प्रयत्न सर्वांत शहाणपणाचा वाटतो. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटात गाड्यांची रांग ज्याने पाहिली असेल, त्याला या डोंगरावर आणखी बांधकाम व्हावे असे वाटणार नाही. भिलारने डोंगराला धक्का न लावता, असलेल्या घरांतच पाहुण्यांना बोलावण्याचे निमित्त तयार केले. मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे गावातल्या घरात राहतात. आम्हाला पिठले, भाकरी आणि ठेचा असे साधे, गरम जेवण मिळाले. खोली लहान होती, पण स्वच्छ होती.

उणीव जाणवते ती गावाबाहेर, जाहिरातीत आणि सहलींच्या आखणीत. किती गाड्या आल्या यावर यश मोजले, तर भिलार नेहमीच वीस मिनिटांचा थांबा राहील. किती जणांनी रात्र काढली, हे मोजायला हवे. नवी पुस्तके दरवर्षी येत राहिली पाहिजेत, कारण जिल्ह्यातला वाचक पुन्हा येईल तो त्यांच्यासाठीच.

जायचे असल्यास शनिवार-रविवार टाळावा आणि मुक्काम आधी फोनवर ठरवावा. स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबर ते मार्च हा काळ बरा. ही योजना पुढे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपलाही नेण्यात आली आहे. तिथे जाण्याचे आमचे ठरले आहे, आणि या वेळी गाडी आमची स्वतःची असेल.