फेरिक क्लोराइड: डाग पाडते, तरी घरच्या पीसीबीसाठी हेच घ्या

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पीसीबीचे, म्हणजे तांब्याच्या रेषांनी सर्किट जोडणाऱ्या बोर्डाचे, सामान मागितले की बहुतेक वेळा फेरिक क्लोराइडची पुडीच पुढे येते. तिच्या द्रावणात बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळते. अधूनमधून बोर्ड करणाऱ्याला तीच योग्य. पुडी मात्र पारखून घ्या. निर्जल भुकटी काळपट असते. पिवळट तपकिरी ओलसर खडे म्हणजे पाणी धरलेला माल. काम तोही करतो, पण त्याच्या वजनात ४० टक्क्यांपर्यंत पाणीच असते आणि पैसे त्याचेही मोजावे लागतात.

१०० ग्रॅम निर्जल भुकटीला २५० मिली पाणी पुरे. हातमोजे, चष्मा घाला. जाड प्लास्टिकच्या भांड्यात आधी पाणी, मग चमचा-चमचा भुकटी. उलटे केले तर मिश्रण उसळते आणि आम्लाची वाफ थेट नाकात जाते. भांडे गरम पाण्याच्या टबात ठेवून द्रावण ४०-४५ अंशांवर राखले, तर ३५ मायक्रॉनचे तांबे साधारण १५ मिनिटांत निघते. थंड द्रावणात पाऊण तासही जातो.

बोर्ड तांब्याची बाजू खाली करून तरंगवा, खाली हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. तांबे वर ठेवले की गाळ त्यावर बसतो, मधला भाग तसाच राहतो आणि तो निघेपर्यंत कडेचे बारीक ट्रॅक, म्हणजे राखायच्या तांब्याच्या रेषा, त्यांना झाकणाऱ्या टोनरच्या (प्रिंटरच्या शाईच्या) थराखालून पोखरले जातात. बोर्ड वाया जातात ते बहुधा इथेच.

हिशेबाने १०० ग्रॅममध्ये १९ ग्रॅम तांबे विरघळते आणि १० बाय १० सेंमीच्या एकतर्फी बोर्डावर असते जेमतेम ३ ग्रॅम. पण कागदावरचे सहा बोर्ड विसरा. तिसऱ्यानंतर वेग इतका पडतो की नवे द्रावण केलेले बरे.

फेरिकला पर्याय म्हणून सोडियम परसल्फेट देखणे खरे: पारदर्शक, डाग नाहीत, काम कुठवर आले ते दिसते. लिटरला २०० ते २५० ग्रॅम लागते. पण ४० अंशांखाली ते सुस्त, बनवलेले द्रावण टिकत नाही, झाकण घट्ट लावले तर वायू सुटून बाटली फुगते. सतत बोर्ड काढणाऱ्यालाच ते परवडते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी सर्वांत वेगवान, पण तिच्यातून क्लोरीन सुटतो, जवळची हत्यारे गंजतात. फ्लॅटमध्ये नकोच.

फेरिकचे कपड्यांवरचे डाग ऑक्झॅलिक आम्लाने फिके होतात. स्टीलचे सिंक मात्र खड्डे पडून कायमचे जाते. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नका. फेस थांबेपर्यंत थोडाथोडा धुण्याचा सोडा घाला, खाली बसलेला तांबेयुक्त गाळ गाळून वाळवा आणि बंद डब्यातून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.