ओल्ड बेली ऑनलाइन: अमेरिकेत हद्दपार झालेला पूर्वज शोधताय तर पैसे भरायच्या आधी इथे बघा

मुलगी मेरीलँडमधे असते, जावई तिथलाच, म्हणून नातवाची दोन्हीकडची वंशावळ करायला घेतली. आमची बाजू कुलवृत्तांतात होतीच, पण विहीणबाईंच्या माहेरच्या बाजूला एका माणसापाशी गाडी अडली. घरात पिढ्यानपिढ्या एवढंच सांगत आलेले की तो १७५० च्या आसपास लंडनहून आला. का आला, कसा आला याबद्दल कोणी बोलायचंच नाही. त्याचा माग काढताना सगळ्यात कामाला आलेली साइट म्हणजे ओल्ड बेली ऑनलाइन, लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टातल्या जुन्या खटल्यांची. पूर्ण फुकट, खातं उघडायची पण गरज नाही.

थोडा इतिहास सांगते, त्याशिवाय साइटवर काय शोधायचं तेच कळत नाही. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण त्याच्या कितीतरी आधी इंग्रज सरकार स्वतःच्याच गोरगरिबांना अटलांटिकपार पाठवत होतं. १७१८ च्या कायद्याने ते पद्धतशीर सुरू झालं, साध्या चोरीला ७ वर्षं, फाशी माफ होऊन गेलेल्यांना बहुतेक वेळा १४, आणि मुदतीच्या आत परत आलात तर फाशी. १७७५ पर्यंत सुमारे ५०,००० माणसं अशी गेली, बहुतेक सगळी व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधे. न्यायचा ठेका व्यापाऱ्यांना, पहिला मोठा ठेकेदार जोनाथन फॉरवर्ड, त्याला माणशी ३ पौंडांपासून सुरुवात होऊन पुढे ५ मिळायला लागले, शिवाय तिकडे बंदरात उतरवून त्या माणसांची शिक्षेची वर्षं तंबाखूच्या मळेवाल्यांना विकायची ती कमाई वेगळीच. मग अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, हा धंदा बसला, आणि १७८७ मधे कैद्यांची जहाजं ऑस्ट्रेलियाकडे निघाली. ऑस्ट्रेलियाचं सगळ्यांना माहितीये, अमेरिकेचं फार कमी लोकांना.

तर साइट. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातले १६७४ ते १९१३ मधले जवळपास दोन लाख खटले इथे आहेत, जुन्या छापील पानाचा फोटो आणि टाइप केलेला मजकूर दोन्ही. आडनाव टाकायचं, शिक्षेमधे ट्रान्सपोर्टेशन (म्हणजे हीच हद्दपारी) निवडायचं, वर्षं १७१८ ते १७७६ ठेवायची. आडनावाची स्पेलिंग मात्र सुचतील तेवढी सगळी टाकून बघा कारण कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, फक्त ट्रान्सपोर्टेशन निवडून थांबू नका. कित्येकांना कोर्टात फाशीच सुनावली होती आणि नंतर हद्दपारीच्या अटीवर माफी मिळाली, अशा माणसाच्या खटल्यात शिक्षा फाशीच दिसते. माफीचे कागद वेगळे, ते लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे.

आमच्या माणसाच्या नावाचे तीन जण निघाले. त्यातला एक लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातला विणकर, गर्दीत एकाच्या खिशातून रेशमी रुमाल काढला म्हणून धरलेला. निकाल एका ओळीचा, दोषी, किंमत १० पेन्स. रेशमी रुमाल १० पेन्सला कुठून येणार असं मला वाटलं, पण साइटवरच कायद्याची माहिती देणारी पानं आहेत ती वाचल्यावर उलगडा झाला. नकळत खिसा मारून १ शिलिंग किंवा जास्तीचा माल नेला तर फाशी होती, आणि १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. ज्युरीतल्या लोकांनी मुद्दाम किंमत खाली लिहिली म्हणून तो माणूस वाचला. ती ओळ विहीणबाईंना फोनवर वाचून दाखवली तेव्हा त्या रडल्या. घराण्याला बट्टा वगैरे जे काही मनात होतं ना त्यांच्या, ते मला अजिबात पटत नाही. एका रुमालासाठी माणसाला घरदार तोडून समुद्रापार विकलं, लाज वाटायची तर ती विकणाऱ्यांना वाटायला हवी.

नाव बदलणाऱ्यांची पण तयारी ठेवा. जेनी डायव्हर नावाने गाजलेली पाकीटमार बाई बघा, १७३८ मधे जेन वेब नावाने तिला हद्दपारी झाली, ती परत आली आणि १७४१ मधे मेरी यंग नावाने खटला चालून फासावर गेली. तो १७४१ चा खटला जरूर वाचा, खिशात शिरलेला हात आपण मनगटाला कसा धरला ते जिचा खिसा मारला तीच बाई सांगते, अडीचशेहून जास्त वर्षांनी वाचताना सुद्धा समोर घडतंय असं वाटतं.

कमी काय आहे ते पण सांगते. हे कोर्ट फक्त लंडन शहर आणि मिडलसेक्सचं, बाकी इंग्लंडमधून गेलेले हजारो लोक इथे सापडणारच नाहीत, त्यांच्यासाठी असाइझ कोर्टांचे (लंडनबाहेर ठिकठिकाणी फिरत्या न्यायाधीशांनी भरवलेल्या कोर्टांचे) कागद बघावे लागतात आणि ते १७३३ पर्यंत लॅटिनमधे आहेत. या काळातल्या खटल्यात वय, आईबाप, गाव असलं काही सहसा नसतं, त्यामुळे एकाच नावाचे दोघे निघाले की डोकं फिरतं. १७५२ च्या आधीच्या जानेवारी ते मार्चच्या तारखा जपून घ्या, तेव्हा नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं. आणि माणूस जहाजावर चढला की या साइटचं काम संपलं, पुढचं सगळं अमेरिकेतल्या कागदांवर.

तिथे आम्हाला मेरीलँड गॅझेट या तिथल्या जुन्या वर्तमानपत्राने हात दिला, त्याचे जुने अंक मेरीलँड स्टेट आर्काइव्ह्जने फुकट ऑनलाइन ठेवलेत. पळून गेलेल्या कैदी नोकरांच्या जाहिराती असतात त्यात. आमच्या नावाची एक सापडली, धंदा विणकर, अंगात ऑस्नाबर्ग नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा शर्ट, डाव्या गालावर व्रण, पकडून आणणाऱ्याला बक्षीस. मालकाने नोकर परत मिळावा म्हणून छापलेलं वर्णन, पण त्या माणसाचा चेहरा आज आम्हाला फक्त त्यातूनच दिसतो.

नाव, धंदा आणि काळ जुळतोय तरी अजून मी हे पक्कं धरत नाहीये. काही काउंट्यांची (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची) कैद्यांची रजिस्टरं मेरीलँडच्या राजधानीत, अॅनापोलिसच्या आर्काइव्ह्जमधे आहेत, ती बघायला मुलगी आणि विहीणबाई जाणार आहेत. मधे एका पैसे घेणाऱ्या साइटने भलत्याच काउंटीतला, भलत्याच वयाचा माणूस आमच्या झाडाला चिकटवून दिला होता आणि तो काढता काढता नाकी नऊ आले, म्हणून आयत्या सूचना मी आता घेतच नाही.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार स्टार, अर्धा कापला तो सर्चमधे मिळती-जुळती स्पेलिंगं आपली आपल्यालाच सुचवावी लागतात म्हणून. प्रत्येक खटल्याला टी अक्षर आणि पुढे तारखेचे आकडे असा नंबर असतो, सापडला की लगेच उतरवून ठेवा, आर्काइव्ह्जवाल्यांना ईमेल करताना तोच द्यायचा.