जुना पीएस-टू, नऊ महिने आणि बेळगावचा एक पावसाळा

पीएस-टू, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन-टू हे टीव्हीला जोडून खेळायचं जुनं गेमिंग मशीन, घेऊन नऊ महिने झाले. घेताना डोक्यात खेळ कमी आणि पैसा जास्त होता, हे आधीच कबूल करतो. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' या जुन्या व्हिडिओ गेमची एक न फोडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली होती. ती बातमी तेव्हा वाचली ती विसरलो नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी हिशेब बघतो, आकडा डोक्यात शिरला की बाहेर निघत नाही.

मशीन मिळालं शहापुरात, जुन्या सामानाच्या दुकानात, बंद मिक्सरांच्या ढिगाखाली. काळा स्लिम, ९०००० मालिकेतला, म्हणजे ज्याचा अॅडॉप्टर बाहेर लोंबत नाही, आतच बसवलेला असतो तो. दुकानदार म्हणाला, "मूरूवरे साविर कोड्री." म्हणजे साडेतीन हजार द्या. मी म्हटलं, "जास्ती आतु री," जास्त झाले हो. दोन कंट्रोलर, एक मेमरी कार्ड आणि सीड्यांनी भरलेली कापडी पिशवी धरून २,८०० वर तुटलं. घरी आल्यावर बायकोनं पिशवीकडं बघून विचारलं, "हे काय भंगार आणलासा?" तिचं फारसं चुकलं नव्हतं.

पिशवीत एकतीस सीड्या निघाल्या. त्यातल्या सत्तावीस कॉपी. मार्करनं नाव लिहिलेल्या, काहींवर रंगीत स्टिकर. यात नवल काही नाही. आपल्याकडं पीएस-टू म्हणजे चिप मारलेला, कॉपी सीडी चालवणारा पीएस-टू, असंच समीकरण होतं. गल्लीतल्या पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन आम्ही जे खेळलो ते सगळं कॉपीवर. ओरिजिनल सीडी एखाद्या डॉक्टरच्या नाहीतर गल्फला असलेल्याच्या पोराकडं असायची, आणि तो ती कुणाला हात लावू देत नसे. त्यामुळं आज कुणी म्हणत असेल की माझ्याकडं जुन्या गेमचा खजिना आहे, तर आधी सीडी उलटी करून बघा. ओरिजिनल डीव्हीडीची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक आकडे-अक्षरं कोरलेली असतात. घरी लिहिलेल्या डीव्हीडीला उजेडात जांभळट झाक येते. पीएस-टूच्या सुरुवातीच्या काही गेम डीव्हीडीवर नाही, सीडीवर होत्या. त्यांची खालची बाजू निळी. ती निळी बघून फसू नका, ती खरी असते.

उरल्या चार ओरिजिनल. 'सॅन अँड्रियास', एक फुटबॉलची, 'देसी अड्डा' आणि 'हनुमान: बॉय वॉरिअर'. मी खूश झालो ते 'सॅन अँड्रियास'वर. सगळ्यात गाजलेली, म्हणजे सगळ्यात महाग, असा माझा हिशेब. तो साफ उलटा निघाला. २००४ ची ही गेम पीएस-टूवर १ कोटी ७० लाखांच्या वर खपली. मशीन स्वतःच १५ कोटींच्या पुढं विकलं गेलेलं. जी वस्तू एवढ्या घरांत पोचली ती वीस वर्षांनी दुर्मीळ कशी होईल? मला तिच्यासाठी अडीचशेच्या वर कुणी बोललं नाही. भाव चढतो तो कमी छापलेल्या, कमी खपलेल्या, त्या वेळी नाकारलेल्या गेमांचा. 'रूल ऑफ रोझ' नावाची २००६ ची एक भयकथा आहे. वादामुळं तिचं ब्रिटनमधलं प्रकाशन रद्द झालं, इतरत्रही ती फारशी चालली नाही, आणि आज पीएस-टूच्या सगळ्यात महागड्या सीड्यांत तिचं नाव आहे. खेळून बघितली तर मारामारी अगदीच रटाळ. भावाचा आणि गुणाचा संबंध लावायला जाऊ नका.

आणि मारिओची ती प्रत? तिला कुणी हात लावलेला नव्हता, प्लास्टिकच्या पेटीत बंद करून वर दहापैकी ९.८ चा दर्जा दिलेला. आपल्या पिशवीतल्या सीड्यांशी तिचं नातं तेवढंच, जेवढं संग्रहालयातल्या नाण्याचं खिशातल्या चिल्लरीशी.

तरीही भाव एकंदरीत वर गेलेत हे खरं आहे. कारण सरळ आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकतच मिळत नव्हत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोनं थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या गेमिंग मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली. विकत घ्यायचा रस्ता बंद झाला की जुनी सीडीच उरते. शिवाय पार्लरमध्ये उधारीवर खेळणारी पोरं आता चाळिशीला आली, पगार मिळवतात.

आता वापराबद्दल. नव्या एलईडी टीव्हीला लावलात तर पहिल्या पाच मिनिटांत पस्तावाल. चित्र धूसर, आणि बटण दाबल्यावर माणूस क्षणभर उशिरा उडी मारतो. स्वस्तातला एचडीएमआय कन्व्हर्टर आणला, त्यात रंग फिके पडले. कॉम्पोनंट केबलनं बराच फरक पडला, खरं समाधान काही झालं नाही. शेवटी खानापूरच्या मावशीच्या माळ्यावरचा एकवीस इंची डबा टीव्ही गाडीत घालून आणला. भाच्यानं आणि मी तो जिन्यावरून चढवला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ह्यात दगड भरलेत काय?" त्या रात्री 'सॅन अँड्रियास' लावली आणि सगळं जागेवर आलं. या मशीनची चित्रं त्या काचेसाठीच बनवलेली आहेत. डबा टीव्ही अजून फुकटात मिळतो तोवर घेऊन ठेवा.

खेळलेलं साठवणारं मेमरी कार्ड सोनीचं ८ एमबीचं असेल तरच विश्वास ठेवा. मी हौसेनं ६४ एमबीचं बिननावाचं एक मागवलं. तिसऱ्या आठवड्यात भाच्याचा चाळीस तासांचा सेव्ह त्यातून नाहीसा झाला. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जून ते सप्टेंबर आपल्याकडं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं सीडीच्या कागदी पुस्तिकेचं काय होणार? आणि भाव असतो तो डबी, पुस्तिका, सीडी तिन्ही असतील तर. नुसत्या सीडीला निम्माही मिळत नाही. जुलैत 'हनुमान'ची डबी उघडली तर पुस्तिकेच्या कडेला पिवळट नक्षी आणि पानं एकमेकांना चिकटायला लागलेली. ब्लॉटिंग पेपर घालून पंख्याखाली चार दिवस ठेवली, तेव्हा कुठं वाचली. तेव्हापासून चारही डब्या शेवयांच्या स्टीलच्या डब्यात आहेत. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आमच्या कारखान्यात नवीन बेअरिंगच्या खोक्यांतून त्या निघतात आणि कचऱ्यात जातात, मी मागून आणल्या. दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर शेकून परत घालतो. बायको म्हणते, एवढी काळजी शेवयांची घेतली असतीसा तर त्यांना किडा लागला नसता.

दमटपणानं मशीनही सोडलं नाही. ऑगस्टमध्ये डीव्हीडी वाचेना, निळ्या सीड्या मात्र चालायच्या. पीएस-टूत सीडी आणि डीव्हीडी वाचायला वेगवेगळे लेसर असतात, त्यामुळं एक गेला तरी दुसरा चालू राहू शकतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एका दुरुस्तीवाल्याकडं नेलं. त्यानं दहा मिनिटांत उघडून लेन्सच्या बाजूचा बारीक पॉट फिरवला, गेम सुरू झाली, ५०० रुपये घेतले. मी खूश. नंतर कळलं की पॉट फिरवला म्हणजे लेसरला जास्त करंट देऊन मारून-मुटकून काम करून घ्यायचं. लेन्सचं उरलेलं आयुष्य तिथंच खर्ची पडतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून लेन्स हलक्या हातानं पुसायची असते. माझ्या लेन्सवर धूळ आणि बुरशीचा थर होता, कदाचित तेवढ्यानंच भागलं असतं. स्लिम उघडलात तर आतली चपटी केबलपट्टी नीट बसली आहे का तेही बघा. ती सैल होऊन वर आली तर सीडीवर कंपासनं काढल्यासारखा गोल ओरखडा पडतो, आणि तो काही केल्या जात नाही.

राहिली 'देसी अड्डा'. २००९ मध्ये सोनीनं खास आपल्या बाजारासाठी आणलेली, हैदराबादच्या गेमशास्त्रनं बनवलेली. 'हनुमान'ही त्याच वर्षीची, हैदराबादच्याच ऑरोना टेक्नॉलॉजीजची. खेळ म्हणून दोन्ही बेताच्याच. कबड्डीत माणसं खांबासारखी वळतात. भाच्याला मात्र विटीदांडू टीव्हीवर दिसतो याचंच अप्रूप. बाहेरच्या देशात या मिळत नाहीत, आपल्याकडं फारशा कुणी जपल्या नाहीत, आणि नेमक्या म्हणूनच त्यांना गिऱ्हाईक आहे.

कोल्हापूरच्या एका संग्राहकानं 'देसी अड्डा'साठी विचारलं. कुरिअरनं पाठवायला जीव होईना. निपाणी स्टँडवर भेटायचं ठरलं, दोघांच्या मधल्या वाटेवर. पहिल्या रविवारी सीमेवर काहीतरी तापलं आणि एसटी बंद झाली, तो कागलपर्यंत येऊन परत गेला. पुढच्या रविवारी भेट झाली. त्यानं खिशातून भिंग काढलं, सीडीच्या मधल्या कड्यातले आकडे वाचले, पुस्तिकेचं पान न् पान मोजलं, मग वास घेतला. "बुरशी नाही ना लागलेली?" म्हणाला. शेवयांचा डबा मी त्याला सांगितला नाही. ४,२०० रुपये रोख दिले आणि चहाही त्यानंच पाजला.

त्यातले अठराशे नव्या लेन्सवर गेले. यावेळी स्वतः बसवली, पॉटला हात न लावता, भाच्यानं मोबाइलचा टॉर्च धरला होता. जुनी लेन्स फेकलेली नाही, तीही बेअरिंगच्या खोक्यात आहे. 'हनुमान'ला त्याच माणसानं तीन हजार सांगितलेत, मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणार आहे.